भेटीचा वार

‘मूल आईच्या ताब्यात राहील आणि वडिलांना त्याला दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत भेटता येईल.’ विभक्त नवरा-बायकोच्या प्रकरणांत कोर्टाचे जे आदेश निघतात, त्यांत साधारण अशी एखादी ओळ असते. वाचायला ती सरळ आहे. रविवारी कचेऱ्या बंद, दोन्हीकडची मंडळी मोकळी. पण मालेगाव हे यंत्रमागाचं गाव. इथले माग शुक्रवारी थांबतात आणि रविवारी धडधडत असतात. बारा तासांच्या पाळीवर काम करणाऱ्या, आठवड्याच्या हिशेबानं मजुरी उचलणाऱ्या माणसाला रविवारची भेट म्हणजे एक खाडा. पहिले दोन-तीन महिने तो खाडा सोसतो. मग मालक कुरकुरतो, एखादी भेट चुकते, पुढे दोन्ही चुकू लागतात. वर्षा-दीड वर्षानं तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा समोरचे वकीलसाहेब विचारतात, मुलाची एवढी ओढ होती तर इतक्या भेटी का सोडल्या?

वार चुकीचा होता, एवढंच त्याचं खरं उत्तर असतं. पण ते त्याला सुचत नाही आणि सुचलं तरी आता उशीर झालेला असतो. आदेश निघाला त्या दिवशी वाराकडे कुणी पाहिलंच नव्हतं. दोन्ही बाजूंचं सगळं लक्ष ताब्यावर होतं.

ही पुस्तिका मालेगाव तालुक्यातल्या आणि आसपासच्या विभक्त आईबापांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी, आणि बैठकीत, जमातीत किंवा वकिलाच्या ऑफिसात त्यांच्यामध्ये पडणाऱ्यांसाठी आहे. पुढच्या प्रकरणांत कायद्याची कलमं येतील, अर्ज कसा करायचा ते येईल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. मूल कुणाकडे राहणार यासाठी आपण सारी ताकद, पैसा आणि वर्षं खर्च करतो. दुसऱ्याला ते कसं भेटणार, हे मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकतो. मुलाचं बालपण बऱ्याच अंशी त्या पाच मिनिटांत ठरतं.

ताब्याचा प्रश्न महत्त्वाचा नाही, असं यातून कुणी समजू नये. तो महत्त्वाचा होता म्हणूनच त्यावर दीड-दोनशे वर्षं झगडा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या कायद्यात मुलं बापाची होती आणि विषय तिथंच संपत होता. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तीन मुलं नवऱ्यानं तोडून नेली, तेव्हा तिनं पत्रकं लिहिली, खासदारांना गाठलं, आणि 1839 मध्ये तिथं कायदा झाला. त्यानं आईला सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागण्याची आणि त्याहून मोठ्या मुलांना भेटण्याची परवानगी मागण्याची वाट मोकळी केली. हक्क मिळाला नाही, मागण्याची मुभा मिळाली. तेवढ्यालाही मोठी लढाई द्यावी लागली.

आपल्या जिल्ह्यातलं एक उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधारानं वेगळ्या राहिल्या. काही वर्षांनी नवरा-बायको पुन्हा एकत्र आले. मधल्या काळाची हकिकत ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. आज ती वाचताना त्या वेळचा कायदा मनाशी ठेवावा. बापानं मुलावर हक्क सांगितला असता, तर आईच्या हाती फारसं काही नव्हतं. त्या दोघांची गोष्ट तिथवर गेली नाही, ती त्या माणसांच्या स्वभावामुळे. ज्यांचे स्वभाव तसे नसतात, त्यांच्यासाठी कायदा लागतो.

तो कायदा आजही मुळात 1890 चाच आहे. पालक आणि पाल्य अधिनियम सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. मूल नेहमी जिथं राहतं, तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो; जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं त्या न्यायालयात. मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाची वागणूक आणि ऐपत, नात्याची जवळीक हे सगळं न्यायाधीशांनी पाहायचं असतं. मूल समजूतदार वयाचं असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. बाप हयात असून नालायक नसेल तर दुसरा पालक नेमायचा नाही, असं या कायद्यात एक कलम होतं. त्यात आईचं नाव यायला 2010 ची दुरुस्ती उजाडावी लागली.

हिंदूंसाठी 1956 मध्ये वेगळा कायदा झाला. त्यानुसार मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्या नंतर’ आई. मात्र पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं, अशी पुस्ती जोडलेली आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं, तेव्हा बँकेनं बापाची सही मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1999 मध्ये निकाल लागला, की बाप जिवंत असूनही मुलाकडे पाहत नसेल किंवा हजर नसेल, तर आईसुद्धा नैसर्गिक पालक असते. पुढे 2015 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात याच न्यायालयानं पाच वर्षांखालच्या मुलाचा अंतरिम ताबा आईला दिला. आई लायक नाही असं बापाचं म्हणणं असेल तर ते त्यानं सिद्ध करावं, आईनं स्वतःची लायकी सिद्ध करत बसू नये, असा त्या निकालाचा रोख होता.

मालेगावात निम्म्याहून अधिक घरांत प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी वाढवलेलं हे शहर आहे, आणि इथं ताब्याची चर्चा ‘हिजानत’ या नावानं होते. हनफी परंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क आईचा असतो. पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीनं निर्णय घेण्याचा अधिकार, बापाकडे राहतो. त्यामुळे मुलाचा सातवा वाढदिवस आला की कित्येक आयांची झोप उडते. आता नेणार, असं घरात बोललं जाऊ लागतं. पोरालाही ते ऐकू जातं.

त्या आयांसाठी आणि तितकंच बापांसाठी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा बापाला द्यावा, असा आदेश तिथल्या जिल्हा न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये दिला होता. आई मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे अपिलात गेली. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिलं. जुलै 2025 मध्ये निकाल आला: व्यक्तिगत कायद्यानं सात वर्षांनंतर ताबा बापाकडे जातो हे मान्य, पण तो नियम आणि मुलाचं हित आमनेसामने आले तर पारडं हिताचंच जड राहील. मूल आईकडे राहिलं. बापाला भेटीची मुभा राहिली. या निकालाची बातमी ‘आईचा विजय’ म्हणून फिरली. तिचं शेवटचं वाक्य फारसं कुणी वाचलं नाही.

असंच एक न वाचलेलं कलम 2019 च्या कायद्यात आहे. तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध फेब्रुवारी 2018 मध्ये मालेगावात बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला होता. तेव्हा आणि नंतरही सगळा वाद नवऱ्याला तुरुंगात टाकण्याच्या तरतुदीभोवती फिरला. विधेयकाच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही त्याच कलमावर बोलत राहिले. पण त्याच कायद्याचं सहावं कलम सांगतं, की असा तलाक उच्चारला गेला तर अल्पवयीन मुलांचा ताबा मिळण्यास ती स्त्री हक्कदार आहे. तो कसा द्यायचा हे दंडाधिकारी ठरवतील. कायद्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, हे कलम त्यात आहे हे बाईला ठाऊक असायला हवं. तिला सांगणारे फार थोडे असतात.

ताबा म्हणजे सगळं काही, हा समज मात्र दोन्ही समाजांत सारखाच घट्ट आहे. प्रत्यक्षात इथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल रोज कुणाच्या घरी झोपतं, तो ताबा. त्याच्या शाळेचा, ऑपरेशनचा, मिळकतीचा निर्णय कोण घेतं, ते पालकत्व. आणि ज्याच्या घरी ते राहत नाही त्याच्याशी त्याचा संबंध कसा टिकतो, ती भेट. शेतकरी घरांत पालकत्वाचा प्रश्न सातबाऱ्यावर येऊन बसतो. अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून पालनकर्त्याचं नाव घातलेलं असतं. आजोबा गेले, वारस लागले, आणि मग झोडग्याची किंवा दाभाडीची दोन एकर जमीन कुणाच्या सहीनं विकली जाणार यावरून एकाएकी मुलाचं प्रेम उफाळून येतं. हिंदू कायद्यात नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकता येत नाही. ताबा मिळाला म्हणून जमीन मिळत नाही, हे दोन्ही घरांच्या कानावर वेळेत गेलं तर निम्मे अर्ज दाखलच होणार नाहीत.

गावाकडच्या बहुतेक फारकती कोर्टात होत नाहीत. बैठक बसते, चार शहाणी माणसं दोन्हीकडचा हिशेब करतात, दागिने परत जातात, आणि स्टँपपेपरवर फारकतनामा होतो. नोटरीचा शिक्का पडतो. त्यात शेवटी एक कलम हमखास असतं: सदर मुलावर यापुढे आमचा कोणताही हक्क राहणार नाही. कधी ते आई लिहून देते, म्हणजे तिला दुसऱ्या घरी उजवता यावं. कधी बाप लिहून देतो, म्हणजे पोटगी द्यावी लागू नये. एका सहीत मुलाचं अर्धं घर जातं. आईबापांनी केलेला असा करार कोर्टाला बांधत नाही. मुलाचं हित पाहून कोर्ट तो बाजूला ठेवू शकतं. काझींपुढे किंवा दारुल कझामध्ये झालेल्या तडजोडीचंही तसंच आहे. तिथं जायला बंदी नाही, अनेकांना तिथं कमी खर्चात आणि आपल्या भाषेत मार्ग सापडतो. पण त्या निर्णयामागे कायद्याची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

तरीही मी बैठकीला नावं ठेवणार नाही. नाशिक इथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, तारखांमागून तारखा पडतात, आणि बैठकीतल्या माणसाला जे ठाऊक असतं ते कित्येकदा आदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. कोणाची पाळी दिवसाची, कोणाची रात्रीची, उन्हाळ कांदा कधी काढायला येतो, पोराची आजी आजारी आहे का, हे सगळं बैठकीत माहीत असतं. तीच माहिती वापरून बैठकीनं मुलाचा हक्क लिहून घेण्याऐवजी भेटीचं वेळापत्रक लिहावं, एवढीच माझी मागणी आहे. आणि मग ते कोर्टापुढे ठेवून त्यावर आदेश घ्यावा.

आता भेट प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. ठिकाण बहुतेक वेळा दोघांपैकी कुणाचंच नसतं: नव्या बसस्थानकाचं आवार, मोसम पुलाजवळचं एखादं आइस्क्रीमचं दुकान, वकिलाच्या ऑफिसबाहेरचं बाकडं, फारच बिनसलं असेल तर पोलीस ठाणं. मुलाला नवे कपडे घातलेले असतात. त्याच्याबरोबर मामा किंवा आजी. ती दहा पावलं मागे थांबते, पण जात नाही. बापाच्या हातात चिप्सची पाकिटं आणि एक खेळणं. दोन्हीकडच्या कुणाच्या तरी हातात मोबाइल, कॅमेरा चालू. मूल हसून गेलं की रडत गेलं, याचा पुरावा गोळा होत असतो. पहिली दहा मिनिटं मूल चिप्स खातं आणि मागे वळून पाहतं. ते बापाकडे झेपावलं तर आजीचा चेहरा पडतो, नाही झेपावलं तर बापाचा. सहा वर्षांच्या पोराला हे दोन्ही चेहरे वाचता येतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत ते मधलं वागणं शिकतं: कुणाकडेच फार आनंदानं जायचं नाही.

मग कोर्टात एक दिवस तेच मूल न्यायाधीशांच्या दालनात बसतं आणि सांगतं, ‘मला पप्पांकडे जायचं नाही.’ विरुद्ध बाजू म्हणते, पढवलेलं आहे. असेलही. पण पढवायला प्रत्येक वेळी कुणी मुद्दाम बसत नाही. घरात रोज जे बोललं जातं, ज्या नावावर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते नाव मूल आपोआप टाळायला लागतं. आजोळी राहणाऱ्या मुलाला तर भाकरीची जाण असते. मामा-मामीच्या घरात आपली आई उपकाराखाली आहे, हे त्याला कळतं, आणि बापाचं नाव काढलं तर आईची अडचण होईल, हेही.

आजोळाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. भेटीचा हक्क ही कोर्टातून आलेली परकी कल्पना आहे, असं आपल्याकडे मानतात. पण मे महिन्यात मामाच्या गावाला जायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत दुसरं काय होती? मूल बापाच्या घरचं, पण सुट्टी आईच्या माहेरची. कितीही भांडणं असोत, आजोळ तुटू द्यायचं नाही, असा दंडकच होता. आता कित्येक मुलांसाठी ही मांडणी उलटी झाली आहे. ती वाढतात आजोळी, आणि सुट्टी बापाच्या घरी घालवायला हवी. उन्हाळ्याच्या सुट्टीतला अर्धा काळ दुसऱ्या पालकाकडे, सणांपैकी काही इकडे, काही तिकडे, असे आदेश कोर्टं देतात, ते या जुन्या समजुतीपासून फार लांबचे नाहीत. ज्या आजीला नातवंड सुट्टीत येणार नाही या विचारानं रडू फुटायचं, तिनंच आता त्याला दुसऱ्या आजीकडे आनंदानं पाठवावं, एवढं मागणं आहे.

अंतराचा प्रश्न मात्र नवा आहे. मागाचं काम मंदावलं की माणसं भिवंडीला जातात, सुरतेला जातात, काही आखातात. शेतकरी घरातल्या मुली घटस्फोटानंतर नोकरीसाठी नाशिक-पुण्याला मुलं घेऊन जातात. महिन्यातून दोनदा भेट ही मग कागदावरच राहते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये एका निकालात कोर्टांचं याकडे लक्ष वेधलं. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीखेरीज संपर्काचाही हक्क असावा, रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलता यावं, असं त्यात म्हटलं आहे. मालेगावसारख्या गावाला हे फार उपयोगी आहे. फोन कुणाच्या नावावर, किती वाजता, आणि कॉल चालू असताना मुलाच्या बाजूला कोण बसणार नाही, हे आदेशात आलं पाहिजे. नाहीतर मूल स्क्रीनच्या बाहेर कुणाकडे तरी पाहत ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच उत्तरं देत राहतं.

दोन व्यवहार मात्र थांबायला हवेत, आणि ते दोन्ही बाजूंनी चालतात. पहिला पोटगीचा. पैसे दिले नाहीत तर पोर दाखवणार नाही. पोर दाखवलं नाही तर पैसे देणार नाही. कायद्यात या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नं घेतली आहे, आणि त्याखाली अल्पवयीन मुलाचा खर्च मागता येतो, मूल कोणत्याही धर्माचं असो. 1986 च्या मुस्लिम महिला कायद्यातल्या दोन वर्षांच्या मुदतीकडे बोट दाखवून मुलांचा खर्च टाळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच सांगून ठेवलं आहे. खर्च मुलाचा हक्क आहे, भेटही मुलाचाच हक्क आहे. एकाच्या बदल्यात दुसरा गहाण टाकायला आईबापांना अधिकार नाही.

दुसरा व्यवहार अधिक निर्दय आहे. बायको माहेरी निघून गेली की सासरचे धाकटं पोर ठेवून घेतात. पोर इथं असलं की बाई आपोआप नांदायला येते, असा हिशेब असतो, आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. ती परत येते ती पोरासाठी, आणि ज्यामुळे ती गेली होती तो मार पुन्हा सुरू होतो. अशा वेळी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं एकविसावं कलम वापरता येतं. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा तिला देऊ शकतात, समोरच्याच्या भेटीची सोय लावू शकतात, आणि त्या भेटीनं मुलाला अपाय होईल असं दिसलं तर भेट नाकारूही शकतात. या शेवटच्या वाक्यावर मला जोर द्यायचा आहे. मी इथं भेटीची बाजू घेतली आहे, पण दारू पिऊन येणाऱ्या, मुलापुढे आईला मारणाऱ्या किंवा मुलालाच इजा करणाऱ्या माणसाची भेट त्याच्या सोयीनं घडवावी, असं माझं म्हणणं नाही. तिथं तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली भेट, किंवा काही काळ भेटच नाही, हेच मुलाच्या हिताचं असतं. मात्र असा आरोप खोटा करणं हा मुलावरचाच अत्याचार आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं.

बाहेरच्या जगानं या प्रश्नाची मांडणी बदलली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत, वेगळ्या झालेल्या आईबापांपैकी दोघांशीही नियमित संबंध ठेवणं हा मुलाचा हक्क मानला आहे. अपवाद फक्त त्याच्या हिताला बाधा येत असेल तेव्हाचा. भारतानं ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली. आपल्या विधी आयोगानं मे 2015 मध्ये 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, भेटीच्या वेळापत्रकासाठी मार्गदर्शक मुद्दे दिले. त्यावर कायदा अजून झालेला नाही. पण आईबाप दोघं मिळून जे ठरवतील आणि कोर्टापुढे मांडतील, त्याला आजही कुणाची आडकाठी नाही. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांना विवाह समुपदेशक जोडलेले असतात. अशी योजना लिहून काढायला त्यांची मदत होते. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला आणि मुलाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ताब्याचा आणि भेटीचा आदेश दगडावरची रेघही नसतो. मूल मोठं होतं, शाळा बदलते, कुणाचं दुसरं लग्न होतं. परिस्थिती बदलली की कोर्टाकडून आदेश बदलून घेता येतो.

म्हणून चांगल्या आदेशात काय असावं, याची एक यादी डोळ्यांसमोर ठेवावी. वार, आणि तो दोन्ही आईबापांच्या कामाकडे व मुलाच्या शाळेच्या सुट्टीकडे पाहून ठरवलेला. वेळ. ठिकाण, शक्यतो जिथं मूल बसू, खेळू, जेवू शकेल असं. आणणार कोण, परत सोडणार कोण, आणि येण्याजाण्याचा खर्च कुणाचा. फोनची वेळ. रमजान ईद आणि बकरी ईद, दिवाळी आणि पोळा यांची वाटणी. उन्हाळ्याच्या सुट्टीतले दिवस. भेट बुडाली तर तिची भरपाई केव्हा. आजारपणात काय. शाळेच्या पालकसभेला दोघांनाही बोलावणं. माग चालवणाऱ्या बापासाठी शुक्रवार, शेतात राबणाऱ्या आईसाठी काढणी सोडून बाकीचे महिने, आखातातल्या माणसासाठी रात्रीचा व्हिडिओ कॉल. या यादीतली एकही बाब कायद्याच्या मोठ्या प्रश्नांत मोडत नाही. पण यातली एक जरी सुटली, तर भेट तिथंच अडते.

या पुस्तिकेत पहिलं प्रकरण ताब्याचं आहे आणि चौथं भेटीचं, कारण कायद्याचा क्रम तसा आहे. वाचणाऱ्यानं तो क्रम मोडावा. आधी चौथं प्रकरण उघडावं, त्यातला कोरा तक्ता पेन्सिलनं भरावा, स्वतःच्या बाजूनं एकदा आणि समोरच्याच्या बाजूनं एकदा. मूल आपल्याकडे नसेल तर आपल्याला काय हवं असेल, हे त्या दुसऱ्या तक्त्यात लिहावं लागतं. दोन्ही तक्ते भरून झाल्यावर मग पहिल्या प्रकरणाकडे यावं. ताब्यासाठी किती भांडायचं, याचं उत्तर तोवर पुष्कळांच्या बाबतीत बदललेलं असेल.